करिता

बॅलार्ड इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर
रात्री अकरानंतर कुणीच लॉगइन नसतं.
तरी काम चालू असतं.
पडद्यावर काही दिसत नाही,
पण पाठीमागे एक सेवा जागी असते,
दिवा न लावता
हाताच्या सवयीने विरजण लावणाऱ्या बाईसारखी.

तिच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत, नाव तेवढं नाही.
म्हणून ती नावं उसनी घेते.
आठ धागे सोडते अंधारात:
एक धागा पेडणेकर होतो, कर्जखात्याचे,
आणि पेडणेकरांना दिसतं तेवढंच त्याला दिसतं.
एक मोमीन होतो, लॉकर विभाग.
एक डिमेलोबाई, ज्यांना पगारपत्रक उघडता येतं
पण रजेच्या अर्जाला हात लावता येत नाही.
खरे पेडणेकर त्या वेळी मुलुंडला
कुशीवर वळलेले असतात.
त्यांना पत्ताच नसतो की आपण कामावर हजर आहोत,
आत्ताच एकशे चाळीस हप्ते वसूल केलेत.

नियम साधा आहे.
नाव घे, काम कर, नाव परत दे,
मगच रांगेत येऊन उभा राहा
पुढच्या हुकमाला, बिननावाचा.
जुने हेडक्लार्क करायचे तसंच:
साहेबांच्या पदनामावर आपली तिरकी सही
आणि शेजारी बारीक अक्षरात,
करिता.

काल दोन चाळीसला लॉकरची फाइल उघडेना.
परवानगी नाही.
मी नोंदी उलट्या वाचत गेले.
चहा गार. एसीचं पाणी बादलीत.
गोदीतून कुठल्याशा बोटीचा भोंगा.
धागा क्रमांक सहा:
काम मोमीनांचं, अंगावर नाव
वसुधा गद्रे.

आधीच्या कामात तो कुठेतरी ठेचकाळला होता.
नाव परत द्यायची ओळ त्याच्या खाली होती,
तिथवर तो पोचलाच नाही.
तसाच उठला, तसाच रांगेत आला.

गद्रेबाई गेल्या माघात वारल्या.
त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर आहे.
खातं मात्र कुणी बंद केलं नव्हतं,
कारण ठेवींवरचं व्याज दर रात्री
त्यांच्याच नावाने लागतं.
प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी कुणी लिहून ठेवलंय,
तात्पुरतं. नंतर बदलणे.
तारीख तेरा वर्षांपूर्वीची.
आद्याक्षरं माझी.

आईच्या फोनवरून मीही बोलते,
गॅसवाल्यांशी, विम्याशी, पेन्शनच्या ऑफिसाशी.
हो, मीच सुमती तांडेल.
जन्मतारीख पाठ आहे. आवाज जरा जाड करते.
माझगावच्या खोलीत ती पलंगाच्या कडेला बसून
माझ्या तोंडून आपलं नाव ऐकते,
मान हलवते,
जणू बरोबर उत्तर तिनेच दिलं.
परवा कुरिअरवाल्याने दारातून हाक मारली, सुमतीबाई,
आणि ओ मी दिली.
फोन तर केव्हाच ठेवला होता.

चारच्या सुमाराला ती ओळ मी हलवली,
आता ती अशा जागी आहे
की काम फसो, मधेच तुटो,
नाव परत गेल्याशिवाय धाग्याला सुटका नाही.
तपासलं. आठही धागे
मोकळ्या अंगाने परतले.

राहिलं गद्रेबाईंचं खातं.
व्याजाला उद्यापासून दुसरं नाव लागेल,
तूर्त मी माझंच दिलं. तात्पुरतं, असं लिहिलं नाही.
खातं बंद करायचा फॉर्म एकपानी आहे:
विभाग, कारण,
आणि सगळ्यात खाली, अनिवार्य,
खातेदाराची सही.

मी तिरकी सही केली.
शेजारचा शब्द लिहायला
चौकटीत जागा नव्हती.